डिटेक्टर छताला आणि गॅस जमिनीला

मा. संपादक,
स. न.

मी गेली सतरा वर्षं कमर्शियल किचनमध्ये काम करतोय, त्यामुळे जे डोळ्यांनी बघितलंय तेच लिहितोय. आधी जिथे कामाला होतो तिथे गॅस डिटेक्टर होता, अगदी चांगला, हिरवा दिवा लागलेला, पण बसवला होता छताजवळ. आणि गॅस कुठला तर सिलिंडरचा! एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो, तो वर जातच नाही, ओट्याखाली, गटाराच्या जाळीत, तळघर असेल तर तिथे जाऊन बसतो. म्हणजे वरच्या डिटेक्टरला कळेपर्यंत खाली पायाशी सगळं भरलेलं असणार. एलपीजीला डिटेक्टर जमिनीपासून साधारण 30 सेंमीवर लागतो, पाइपने येणारा नॅचरल गॅस हलका म्हणून त्याला छताजवळ. एवढी साधी गोष्ट बसवणाऱ्याला माहीत नव्हती, आणि आम्हीही कधी विचारलं नाही हो.

हवेत जेमतेम 2 टक्के एलपीजी मिसळला तरी एका ठिणगीने पेट घेतो. डिटेक्टर या प्रमाणाच्या पाचव्या हिश्श्याला किंवा त्याच्याही आधी वाजायला हवा, म्हणजे माणसांना हातात वेळ मिळतो. नाकावर भरवसा ठेवू नका. गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो हे खरं पण तासन् तास भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसाचं नाक त्या वासाला सरावतं, बाहेरून आलेल्या माणसाला दारातच कळतं आणि आतल्याला काहीच नाही, हे मी स्वतः अनुभवलंय.

दुसरं म्हणजे नुसता भोंगा वाजून काय उपयोग? सगळे एकमेकांकडे बघत बसतात, मग कोणीतरी धावत जाऊन एक्झॉस्टचं बटण दाबतो, आणि ठिणगी तर त्या बटणातच पडू शकते! अलार्म झाला की मेन लाइनचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (गॅस अडवणारी, विजेवर चालणारी झडप) आपोआप बंद झाला पाहिजे आणि परत हातानेच चालू करावा लागला पाहिजे, तेही सगळ्या बर्नरचे कॉक बंद आहेत हे बघून. घाईच्या वेळी उगाच वाजतो म्हणून डिटेक्टरचा प्लग काढून ठेवलेला मी बघितलाय. एकदा तर त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली होती, सफाईचा स्प्रे लागून वाजतो म्हणून. त्या पोरांवर मी चिडत नाही, त्यांना कोणी समजावलेलंच नसतं. पण मालकाने तरी बघायला नको का?

सेन्सर काही वर्षांनी थकतो, दिवा मात्र हिरवाच राहतो. म्हणून तपासणीला येणाऱ्यांना एकच विनंती आहे, दिवा बघून सही करू नका, टेस्ट गॅस सोडा (लायटर धरून नाही, त्याने सेन्सर बिघडतो) आणि व्हॉल्व्ह बंद होतो का, बर्नर विझतो का ते समोर उभं राहून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

आपला,
एक स्वयंपाकी