हा रडीचा डाव नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ब्रेक्झिटवर, म्हणजे ब्रिटनने युरोपीय महासंघातून बाहेर पडण्यावर, पुन्हा सार्वमत घ्यावे की नाही, यावर आपल्या दैनिकात आलेली पत्रे मी इंग्लंडमध्ये, स्विंडनला, रात्रपाळी संपवून आल्यावर वाचत असते. मी मूळची गोव्यातल्या डिचोलीची. इथे नर्सची नोकरी करते, दहा वर्षे होत आली. एका वाचकाने लिहिले आहे की महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, यावरचा 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल गोव्याने 34 हजार मतांच्या फरकावर मुकाट्याने मान्य केला; ब्रिटनमध्ये तर फरक साडेबारा लाखांहून मोठा आहे, तेव्हा दुसरे मतदान मागणे हा निव्वळ रडीचा डाव होय. ते वाचून मला राहवले नाही, कारण हे दोन्ही कौल माझ्या घरात शिरलेले आहेत.

आधी एक कबुली देते. 23 जून 2016 रोजी मी ‘लीव्ह’ला, म्हणजे युरोपीय महासंघातून बाहेर पडण्याला, मत दिले. माझा पासपोर्ट भारतीय, पण राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून इथे राहणाऱ्या आम्हा भारतीयांना मताचा हक्क होता. बाबांचा व्हिसा त्याआधी दोनदा नाकारला गेला होता. युरोपातून येणारे कमी झाले की तुमच्या माणसांना वाट मोकळी होईल, असे प्रचारात सांगत होते आणि मला ते पटले. मतदान केंद्रात दोरीला बांधलेली शिसपेन्सिल होती. तिने मी चौकोनात फुली मारली आणि कामावर गेले.

माझ्याच गल्लीत गोव्यातल्याच सासष्टीची एक मैत्रीण राहते. तिच्या आजोबांचा जन्म पोर्तुगीज अमलातला, म्हणून लिस्बनला नोंद करून तिने पोर्तुगीज पासपोर्ट काढला आणि युरोपीय नागरिक म्हणून ती इथे आली. स्विंडनमध्ये असे गोंयकार पुष्कळ आहेत. कर ती माझ्याइतकाच भरते. नगरपालिकेच्या निवडणुकीत तिला मत आहे, पण जिच्यावर तिचे इथले राहणे ठरणार होते त्या मतदानात नव्हते. तिच्या भवितव्यावर फुली मारायचा हक्क मला होता आणि तिला नव्हता, हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षे लागली. (1967 सालीही मुंबईत राहणाऱ्या गोंयकारांना कौल देता आला नव्हता.)

गेल्या शनिवारपासून, म्हणजे 30 मार्च 2019 पासून, युरोपीय नागरिकांना इथे राहण्यासाठी रीतसर अर्ज करायची योजना खुली झाली. त्याचे ॲप तिच्या आयफोनवर चालेना, म्हणून ती माझा फोन मागायला आली. माझ्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून तिने पासपोर्ट फोनच्या पाठीला लावला, मग चेहरा पुढे धरला. पडद्यावर हिरवे-लाल रंग चमकत होते. तिने एकदाच विचारले, “आमचें कितें जातलें गो?” (आमचे काय होणार गं?) माझ्यापाशी उत्तर नव्हते.

आता 1967 कडे येते. आमचे बाबा तेव्हा सव्वीस वर्षांचे, कट्टर विलीनीकरणवादी. सोप्याच्या भिंतीवर त्यांनी स्वतः निळीने फूल काढले होते. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे केंद्रशासित प्रदेश. 1,38,170 मते फुलाला पडली आणि 1,72,191 दोन पानांना. बाबा दोन दिवस धड जेवले नाहीत, असे आजी सांगायची. पण दोनच महिन्यांनी निवडणुकीत भाऊसाहेब बांदोडकरांचा विलीनीकरणवादी मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष पुन्हा सत्तेवर आला, तरीही कौल पुन्हा घेतला गेला नाही. त्या वर्षीच्या चतुर्थीला बाबांनीच भिंतीला चुना काढला आणि फूल त्याखाली गेले.

बाबांना तो निकाल सोसला, कारण प्रश्न स्वच्छ होता. महाराष्ट्र समोर होता, त्याचे कायदे, त्याचे सरकार, त्याची भाषा ठाऊक होती. केंद्रशासित म्हणजे काय, हेही लोक रोज पाहत होते. दोन्ही बाजूंना काय मिळणार आणि काय जाणार, हे अडाणी बाईलाही सांगता येत होते. 2016 च्या मतपत्रिकेवर एका बाजूला माहीत असलेला संसार होता आणि दुसऱ्या बाजूला नुसता ‘बाहेर’. बाहेर म्हणजे कुठे, हे कोणी लिहिले नव्हते. नॉर्वेसारखे, महासंघाबाहेर पण त्याच्या बाजारपेठेत राहायचे की सगळेच तोडायचे? आयर्लंडच्या सीमेवर जकातीची चौकी येणार की नाही? झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि आम्ही 1 कोटी 74 लाख लोकांनी त्या झाकल्या मुठीला मत दिले. आता मूठ उघडली आहे. पंतप्रधान थेरेसा मे यांनी महासंघाशी केलेला बाहेर पडण्याचा करार पार्लमेंटने तीनदा फेटाळला, पहिल्यांदा तर 230 मतांनी. मुठीत जे निघाले ते लीव्हवाल्यांनाही नको आहे. मग ते हवे की नको, हे लोकांना विचारायचेच नाही?

आणि ‘एकदा विचारले ते विचारले’ हे इथल्या इतिहासालाही धरून नाही. 1975 मध्ये याच देशाने 67 टक्के मतांनी युरोपात राहण्याचा कौल दिला होता. 2016 चे मतदान हेच मुळी दुसरे.

तरीही एक आक्षेप मला टोचतो. शेजारच्या आजींचे यजमान इथल्या रेल्वे कारखान्यात होते. तो 1986 मध्ये बंद पडला. आजींनी कित्येक वर्षे मत दिले नव्हते. 2016 ला त्या गेल्या आणि लीव्हला मत देऊन आल्या. परवा कुंपणापाशी त्या मला म्हणाल्या, “आयुष्यात एकदा माझं मत मोजलं गेलं, आणि आता ही मंडळी म्हणतात ते चुकीचं होतं.” त्यांचे डोळे भरून आले होते. डेन्मार्कच्या लोकांनी 1992 ला महासंघाच्या कराराला नाही म्हटले, 1993 ला त्यांना पुन्हा विचारले. आयर्लंडला तर दोन वेळा असे झाले. राज्यकर्त्यांना न आवडलेले उत्तरच तेवढे फिरून विचारले जाते, हा आजींचा संशय खोटा म्हणता येणार नाही.

म्हणून जुनाच प्रश्न पुन्हा विचारण्याला माझाही विरोध आहे. ठरलेला करार मतपत्रिकेवर यावा, त्यासमोर महासंघात राहण्याचा पर्याय असावा, निकाल सरकारवर बंधनकारक असावा आणि माझ्या मैत्रिणीसारख्या इथे घर केलेल्या माणसांना मत असावे. गेल्या सोमवारी, 1 एप्रिल 2019 ला, करारावर लोकांचे मत घ्यावे असा प्रस्ताव पार्लमेंटमध्ये 280 विरुद्ध 292 असा अवघ्या बारा मतांनी पडला. तो पुन्हा आणला पाहिजे.

उद्या असे मतदान झाले तर आजींना मी स्वतः हाताला धरून केंद्रावर नेईन. त्या पुन्हा लीव्हलाच मत देतील, हे मला माहीत आहे. त्यांचीच बाजू पुन्हा जिंकली, तर बाबांनी भिंतीला चुना काढला तसा मीही काढीन.

आपली,
एक वाचक
स्विंडन, इंग्लंड (मूळ गाव डिचोली)
5 एप्रिल 2019