पाठीवरची ती जखम

हॅनोवर, १४ सप्टेंबर

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, मी नर्सिंगची प्रात्यक्षिक परीक्षा उत्तीर्ण झाले, हे तुला फोनवर कळलेच आहे. परंतु याच परीक्षेत मी मागे एकदा नापास झाले होते, हे मी तुझ्यापासून लपवले होते. रुग्णाची सगळी माहिती पुढच्या पाळीला सांगायची वेळ आली आणि तोंडातून एक जर्मन वाक्य धड निघेना. इथे ही परीक्षा पुन्हा एकदाच देता येते. दादाकडून हे पत्र वाचून घेऊ नकोस. चष्मा लाव आणि स्वतः सावकाश वाच, कारण पुढचे फक्त तुझ्यासाठी आहे.

शिक्षण तीन वर्षांचे, २,१०० तास वर्गात आणि २,५०० तास प्रत्यक्ष कामाचे. २०२० पासून इथे नवा कायदा लागू झाला, तेव्हापासून रुग्णालय, वृद्धाश्रम आणि घरपोच शुश्रूषा या सगळ्यांचे शिक्षण एकत्रच होते. दरमहा विद्यावेतन मिळते, म्हणूनच तू माझ्यासाठी पहिल्याच महिन्यात उचललेली भिशी फेडता आली. म्हातारी माणसे अजूनही नर्सला ‘श्वेस्टर’, म्हणजे बहीण, अशी हाक मारतात. नौपाड्यातल्या दवाखान्यात तू सगळ्यांची मावशी आणि इथे मी सगळ्यांची बहीण. आपल्या घराला ही नाती फार.

दुसऱ्या वर्षी बाबा गेले. तेराव्याच्या दिवशी माझी दुपारची पाळी होती आणि मी एका आजोबांची पाठ ओल्या कापडाने पुसत होते. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. सोबतच्या शिक्षिकेने मला त्यावर बोट दाबून धरायला आणि मग उचलून बघायला सांगितले. निरोगी कातडी दाबल्यावर पांढरी पडते आणि बोट काढताच पुन्हा लाल होते; हा डाग मात्र दाबूनही लालच राहिला. याचा अर्थ आतला रक्तपुरवठा बिघडायला लागला आहे, अंथरुणात पडून राहून होणारी जखम अजून वर आली नसली तरी तिची सुरुवात झाली आहे. मग मी सवयीने तो डाग चोळायला हात पुढे केला आणि शिक्षिकेने माझे मनगट धरले. लाल जागा कधीही चोळायची नाही, त्याने आधीच दुखावलेल्या पेशी आणखी दुखावतात. आणि स्पिरिटने तर कातडी कोरडी पडते.

आई, बाबांच्या पाठीला तू रोज स्पिरिट आणि पावडर चोळत होतीस, कारण दवाखान्यात तुला तेच शिकवले होते. जखम झाल्यावर तू स्वतःलाच बोल लावत राहिलीस, आणि डॉक्टरांनीही ‘घरच्यांचे लक्ष नाही’ एवढे बोलून कागद पुढे सरकवला. त्यांना काय माहीत, की अर्धांगवायूने पडलेल्या त्या जड माणसाला तू रात्रीतून दर दोन तासांनी एकटीने कुशीवर वळवत होतीस, आणि कारशेडमधून पहिली लोकल निघाल्याचा आवाज आला की शेवटची कूस बदलून कामावर जात होतीस. कूस बदलणे हेच त्यातले मुख्य काम असते आणि ते तू चुकवले नाहीस. पारसिकच्या उतारावरच्या चाळीत हवेची गादी नव्हती, हाताखाली दुसरे माणूस नव्हते. जखम तरीही झाली असती का, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण तुझे लक्ष नव्हते, हे खोटे आहे, आणि आता हे मी परवाना मिळालेली नर्स म्हणून लिहीत आहे.

दुसऱ्या खेपेच्या परीक्षेत एका आजींची टाच लाल दिसली. मी बोट दाबले, पोटऱ्यांखाली उशी सरकवून टाचा अधांतरी ठेवल्या आणि पुढच्या पाळीला सगळे न अडखळता सांगितले. त्या वेळी व्याकरण आठवतच नव्हते, टाच दिसत होती.

समोरच्या काकूंच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्याचे दादा म्हणाला. उद्या कामावरून आलीस की त्यांच्या टाचा आणि माकडहाड तेवढे बघून ये. काकूंना स्पिरिटची बाटली ठेवून द्यायला सांग, आणि लाल डाग दिसलाच तर बोट दाबून मला रात्री फोन कर. या आठवड्यात माझी पाळी सकाळची आहे.

तुझी,
छकुली