यझदचे वारा पकडणारे मनोरे

संपादक महोदय,

इराणी मनोरा म्हटलं की आपल्याला फक्त मशिदीचे मिनार आठवतात, पण इराणमधल्या यझद शहरातले बादगीर, म्हणजे वारा पकडणारे मनोरे, बघा, छपरावर विटामातीचा उंच मनोरा, वर उभ्या फटी, त्यातून वारा शिरतो तो थेट खालच्या खोलीत उतरतो, हौदाच्या पाण्यावरून गेला की अजून गार होतो, आणि वारा पडला तरी गरम हवा वरून निघून जाते. विजेशिवाय! यझदच्याच दौलताबाद बागेतला बादगीर तर 33 मीटर उंच आहे. शिवाय मनोरा जितका उंच आणि नक्षीदार तितकी घरमालकाची ऐपत गावाला दिसायची.

मला जास्त आवडतात ते इराणमधल्याच इस्फहान शहराकडचे कबुतरांचे मनोरे, आत भिंतभर हजारो खोबण्या, खाली साठलेली विष्ठा खरबुजाच्या शेताला खत म्हणून जायची.

- एक वाचक, पुणे