काडीवर काडी

टिळकवाडी, बेळगाव
१० डिसेंबर

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू विचारलंस, "मर्दा, आंबा-फणस सोडून बेळगावात सफरचंद काय काढलंस?" तेव्हा नीट सांगता आलं नाही. आज सुट्टी आहे, घर शांत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सफरचंदं खाण्यासाठी हा खटाटोप नाही. ती खडे बाजारात हवी तेवढी मिळतात. मला नाद लागलाय तो कलमं बांधण्याचा. संध्याकाळी ऑफिसातून आलो की चहाच्या आधी मागच्या परसात जातो, कलमाच्या पट्टीच्या वर काडीचा डोळा, म्हणजे कोंब, फुगलाय का बघतो, मग घरात पाय ठेवतो. आमची ही म्हणते, मुलं लहान होती तेव्हा त्यांना असं बघायला गेला असतात तर! तिचं खरं आहे.

सफरचंदाचं बी लावलं तर आईसारखं झाड येत नाही. आपल्याकडे हापूसची कोय लावून जे होतं तेच. येतं ते झाड वेगळंच. प्रत्येक बी नवी जात, आणि त्यातली बहुतेक आंबट-तुरट. म्हणून चांगलं झाड सापडलं की त्याची काडी घेऊन दुसऱ्याच्या मुळावर, म्हणजे खुंटावर, बसवायची, एवढाच मार्ग उरतो. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ मारिया अॅन स्मिथ नावाच्या बाईंच्या मळ्यात १८६८ च्या सुमारास एक रोप आपोआप उगवलेलं सापडलं. आज जगात जिथे जिथे हिरवं ग्रॅनी स्मिथ पिकतं, ते सगळं त्या एका रोपाचं अंग आहे. बाई १८७० मध्ये गेल्या. झाड अजून वाढतंच आहे, फक्त माणसं आणि खुंट बदलत गेले. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा माझ्या हातात एक काडी होती आणि ती खाली ठेवावीशी वाटेना.

आता थंडीचं. काश्मीर आणि वरच्या हिमाचलातल्या जातींना हिवाळ्यात सात अंशांच्या खाली हजारेक तास लागतात, तेव्हा डोळे जागे होतात. आपलं बेळगाव गरिबांचं महाबळेश्वर असलं तरी पहाटे स्वेटर घालण्यापलीकडे त्याची मजल नाही. म्हणून कमी थंडीच्या जाती घ्यायच्या. ॲना ही इस्रायलमध्ये तयार केलेली, डॉर्सेट गोल्डन बहामा बेटांवर सापडलेली. तिसरी आपल्याच देशातली, एचआरएमएन ९९. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मांनी ती आपल्या घराजवळ उगवलेल्या रोपातून वाढवली, सफरचंद येत नाही म्हणतात त्या खालच्या, उन्हाळ्यात तापणाऱ्या टापूत. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शेतकऱ्याच्या नावातली अक्षरं जातीला मिळाली, याचा मला फार आनंद वाटतो.

पण आपल्याकडे ही झाडं हिवाळ्यात पानंच गाळत नाहीत, आणि पानं गळल्याशिवाय फुलावर येत नाहीत. तेव्हा डिसेंबर-जानेवारीत हातानेच सगळी पानं खुडायची. इंडोनेशियात पूर्व जावामधल्या मलंगकडचे बागाईतदार हेच करतात. आईला ते बघवत नाही, "हिरवंगार झाड उघडं करालास की रे!" म्हणते. काही आठवड्यांनी पांढरी-गुलाबी फुलं येतात, तेव्हा तीच शेजारणींना बोलावून दाखवते. फळ पावसाळ्याच्या तोंडावर, मे-जूनमध्ये.

बांधायला मी शिकलो तो अथणीकडच्या एका कारागिराकडून. तिकडे द्राक्षाच्या जंगली खुंटावर कलमं भरणाऱ्या टोळ्या असतात, तुला ठाऊक आहे. हा माणूस दिवसभर पाचर कलमं भरतो, आणि बोलताना मराठी कुठे संपली आणि कन्नड कुठे सुरू झाली ते त्यालाही कळत नाही. माझा चाकू बघून म्हणाला, "साहेब, चाकू रेटायचा न्हाई. मनगट गप्प ठेवायचं, खांद्यानं वढायचं. एकच काप. दुसरा मारला की साकु (पुरे), काडी टाकून द्यायची." तो एकच सपाट काप जमला की बाकी सगळं सोपं.

सफरचंदाला मी जिभली कलम करतो. पेन्सिलएवढ्या जाडीची काडी, दोन-तीन डोळ्यांची. ती कापण्याआधी आठ-दहा दिवस तिची पानं देठ राखून खुडून ठेवतो, आंब्याला करतात तसंच. खुंटाला आणि काडीला सारखाच दीड इंचाचा तिरका काप, दोन्हीत एकेक जीभ, आणि जीभ जिभेत अडकवायची. साल आणि लाकूड यांच्यामध्ये जो ओला हिरवट थर असतो, तो निदान एका बाजूने तंतोतंत जुळला पाहिजे. जोड तिथेच होतो, बाकी लाकूड कधीच जुळत नाही. मग प्लास्टिकची पट्टी ताणून गुंडाळायची, शेंड्याला मेण. काडी उलटी बसवून चालत नाही, आणि उन्हात ठेवून तर अजिबातच नाही.

त्यानंतरचे तीन-चार आठवडे मी काय सांगू! आत काय चाललंय ते दिसत नाही. डोळा फुगतो, हिरवं टोक दिसतं, पान उलगडतं, आणि तरी खात्री धरायची नसते, कारण काडीत साठलेल्या अन्नावरही पहिली पानं फुटतात आणि जोड झालेला नसेल तर आठवड्यात मान टाकतात. पानांच्या पुढे कोवळा शेंडा धावायला लागला की समजायचं, खुंटाचं पाणी वर पोचलं. तो शेंडा पहिल्यांदा बघितला त्या संध्याकाळी मी कुणाशीच बोललो नाही.

आणि सुटका का होत नाही तेही ऐक. ॲनाला फळ धरायला दुसऱ्या जातीचे पराग लागतात, म्हणून शेजारी डॉर्सेट हवं. जागा नाही? मग ॲनाच्याच एका फांदीवर डॉर्सेटची काडी बसवायची. बसली, की वाटतं तिसऱ्या फांदीवर एचआरएमएन का नको? लागलेल्या कलमाची छाटणी करावी तर त्या छाटलेल्या काड्यांत पुढची झाडं दिसतात, टाकवत नाहीत. मग खुंट शोधा. आमच्या फ्रिजचा भाजीचा कप्पा ओल्या कागदात गुंडाळलेल्या काड्यांनी भरलाय, आणि त्यांच्याजवळ फळं ठेवायला मी घरच्यांना बंदी केली आहे, कारण पिकत्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि डोळे मरतात.

पावसाळा मात्र कठीण. पानांवर ठिपके पडतात. उसावरचा लोकरी मावा आठवतो ना, चिकोडीकडचे लोक हवालदिल झाले होते? सफरचंदाचाही लोकरी मावा असतो, कीड वेगळी पण तसाच पांढरा कापूस. इंग्लंडमध्ये एमएम (मॉलिंग-मर्टन) मालिकेचे खुंट मुळात त्या माव्याला तोंड देण्यासाठीच काढले, म्हणून माझा भर त्यांच्यावर.

आता तुझ्यासाठी. संक्रांतीला तू खानापूरला येतोयस, तेव्हा दोन कलमं तुझ्या परसात लावू, एक ॲना, एक डॉर्सेट. माझी फार इच्छा आहे. जांबोटीच्या शेतात नको, तिथला पाऊस सोसणार नाही. घरामागे उंचवट्यावर, पागोळ्या पडत नाहीत अशी निचऱ्याची जागा हवी. जोड मातीच्या वर वीतभर राहील, आणि जोडाच्या खाली फुटवा आला की लगेच काढायला भावाला सांगून ठेव, नाहीतर खुंटच झाड होऊन बसतो.

विहिरीच्या बाजूची जागा मोकळी आहे का, की अजून तिथे जळण रचलेलं असतं? मोकळी असेल तर एमएम १११ हा खुंट घेऊ, तो मोठा होतो, पाण्याचा ताण सोसतो आणि स्वतःच्या पायावर उभा राहतो. भिंतीलगतची पट्टीच मिळणार असेल तर एम ९ हा खुंट लागेल. तो बुटका, पण मुळं कमजोर, जन्मभर काठीचा आधार द्यावा लागतो. भावाला विचारून या आठवड्यात कळव, म्हणजे त्याप्रमाणे कुंड्या बाजूला काढतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
अरू