कलेचा जोडतास आधी, पर्यायांची यादी नंतर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

येत्या जूनचे वेळापत्रक मांडायला शाळांमध्ये लवकरच बैठका बसतील. कला आणि विज्ञान, अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यात पक्की भिंत नको, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये स्पष्ट म्हटले आहे. आठवी ते दहावीच्या मुलांना चित्रकला, मातीकाम, गायन, तबला, नाट्य, नृत्य यांतले काहीतरी स्वतः निवडू द्यावे, हा विचार त्यामुळे शाळांना नवा राहिलेला नाही. पण माहितीपत्रकावर सहा कला छापायच्या आणि वेळापत्रकात त्यांना आठवड्याला ३५ मिनिटांची एकच तासिका द्यायची, असे झाले तर त्यातली एकही मुलांच्या हाताला लागणार नाही. चित्र, शिल्प, संगीत आणि नाट्य शिकवणारे आम्ही काही जण हे पत्र त्यासाठीच लिहीत आहोत. शाळेने दोनच कला द्याव्यात, एक दृश्यकला (चित्र किंवा मातीकाम) आणि एक प्रयोगकला (गायन, तबला, नाट्य किंवा नृत्य). पण त्या पूर्ण द्याव्यात. आणि त्यासाठी सर्वांत आधी सलग दोन तासिकांचा जोडतास राखून ठेवावा.

३५ मिनिटांत काय होते, ते जलरंगाच्या तासावर मोजून पाहा. वर्गातून चित्रकलेच्या खोलीत येऊन बसायला ५ मिनिटे. पाणी भरणे, कागद वाटणे, तो फळीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावणे यात ७-८. शेवटी ब्रश धुऊन, बाके पुसून आवरायला पुन्हा ७-८. उरली १५. पहिला सपाट वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, द्यायला ५ मिनिटे लागतात. तो वाळायला मार्चमध्ये ८-१० मिनिटे पुरतात, पण कोल्हापूरच्या जुलैत अर्धा तास सहज जातो. थांबायला वेळ नसतो, म्हणून मूल ओल्यावरच दुसरा रंग चढवते. खालचा रंग उचलला जातो, चिखल होतो. तो झाकायला पांढरा मिसळला जातो आणि चित्र आणखी मरते. ‘याला रंग जमत नाहीत’ हा शेरा मात्र मुलाच्या नावावर कायमचा चिकटतो. जोडतासाच्या ७० मिनिटांत आवराआवर वजा जाता ५० मिनिटे हातात राहतात. तेवढ्यात दोन वॉश आणि वरची बारीक कामे नीट होतात.

साहित्याची भीतीही अकारण आहे. शाळेच्या चित्रवहीचा कागद पातळ असतो, पाणी लागताच फुगतो, दोनदा ब्रश फिरवला की त्याची लव निघते. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) ताव २२ बाय ३० इंचांचा येतो. त्याचे चार तुकडे केले की ११ बाय १५ इंचांची चार चित्रे होतात. एका मुलाला वर्षाला असे तीन ताव पुरतात, सराव हलक्या कागदावर करावा. गोल ब्रश ४, ८ आणि १२ नंबरचे. रंग सहाच : गॅम्बोज, येलो ओकर, क्रिमझन लेक, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन आणि प्रशियन ब्लू. हिरवा आणि काळा मुद्दाम देऊ नयेत. गॅम्बोज आणि प्रशियन ब्लूमधून मूल स्वतः पाच-सात हिरवे काढते. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून येणारी करडी छटा बाटलीतल्या काळ्यापेक्षा कितीतरी जिवंत असते. पाण्याची भांडी दोन हवीत, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ. एकाच भांड्यावर काम चालले की दहाव्या मिनिटाला सगळे रंग मातकट होतात. कोल्हापूरच्या कोटितीर्थ तळ्याच्या परिसराची निसर्गचित्रे चित्रकार आबालाल रहिमान यांनी जिथे बसून रंगवली, त्या गावातल्या मुलांना एवढे साहित्य मिळायलाच हवे.

मातीकामाला तर जोडतासाशिवाय हात लावू नये. शिवाय इथे पहिली चूक माती निवडतानाच होते. गणेशमूर्तीची शाडू मऊ आणि गुळगुळीत, घडवायला छान; पण ती भाजण्यासाठी नसते, वाळल्यावर ठिसूळ होते. मुलांनी केलेली वस्तू टिकावी असे वाटत असेल तर कुंभाराची लाल माती घ्यावी, प्रत्येकी दोन ते अडीच किलो. माती तारेने कापून, आपटून, पुन्हा कापून मळायची. कापल्या जागी एकही बुडबुडा दिसता कामा नये. मग बोटाएवढी वळी करून ती बोटाभोवती गुंडाळून पाहायची. वळीला चिरा पडल्या तर माती कोरडी, तळव्याला चिकटली तर ओली.

पहिले काम सहा इंची चौरस पाटीवरचे उठाव-शिल्प असावे. गोणपाटावर अर्धा इंच जाडीच्या दोन लाकडी रिपा ठेवायच्या, मध्ये माती घालायची आणि रिपांवरून पीव्हीसी पाइपचा तुकडा लाटण्यासारखा फिरवायचा. जाडी सगळीकडे सारखी येते. पान, मासा, चेहरा, जे वर जोडायचे असेल त्याची मागची बाजू आणि पाटीवरची जागा जुन्या कंगव्याने खरवडायची, पातळ मातीचा रबडा लावायचा आणि दाबायचे. हे न करता नुसते चिकटवलेले नाक वाळताना हमखास गळून पडते, कारण दोन तुकडे वेगवेगळ्या वेगाने आकसतात. काम अर्धे राहिले तर ओले फडके आणि वरून प्लॅस्टिक. वाळवणे सावलीतच, ८ ते १० दिवस, रोज उलटवून. कडा आधी वाळून वर वळतात म्हणून पहिले तीन दिवस फक्त कडा झाकून ठेवाव्यात. तुकडा वाळला का, हे ओळखायला तो गालाला लावावा. गार लागला तर आत पाणी आहे. ते पाणी भट्टीत वाफ होऊन बाहेर पडायला वाट शोधते आणि वस्तू फुटते, शेजारच्या चार वस्तू घेऊन फुटते. एक इंचापेक्षा जाड काहीही असेल तर मागून पोकळ करायलाच हवे.

आता ऋतू पाहा. पावसाळ्यात माती आठवडाभर ओली राहते, म्हणजे घडवायला जुलै ते सप्टेंबर उत्तम. भट्टीचे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत. गंगावेश, शाहूपुरी, बापट कॅम्प इथले कुंभार गणपतीपर्यंत मान वर करायला मोकळे नसतात. अनंत चतुर्दशी झाल्यावर त्यांच्याशी बोलावे आणि भाजणावळ ठरवूनच वस्तू न्याव्यात. याउलट जलरंग दिवाळीनंतर. ही अदलाबदल केली नाही की दोन्ही कामे बिघडतात, आणि दोष पुन्हा मुलांवर येतो.

गायनाच्या तासाला वेगळीच अडचण असते. १३ ते १५ या वयात मुलग्यांचे आवाज फुटतात. वर्गात एकच पट्टी (पेटीवरच्या ज्या पट्टीला ‘सा’ मानून गायचे ती) धरून, बहुतेकदा काळी चार किंवा काळी पाच, सगळ्यांना गायला लावले की मुलग्यांचा आवाज वर चिरकतो, बाकीचे हसतात आणि तो मुलगा पुन्हा तोंड उघडत नाही. मुलींचा गट काळी चारच्या आसपास आणि ज्यांचा आवाज उतरला आहे त्या मुलग्यांचा काळी एक किंवा काळी दोनला, म्हणजे खालच्या पट्टीत, असे दोन गट आलटून-पालटून गाऊ द्यावेत. ज्याचा आवाज आत्ताच फुटतो आहे त्याने मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंतच (खालच्या सप्तकातल्या ‘प’पासून मधल्या सप्तकातल्या ‘प’पर्यंत), हलक्या आवाजात गावे. खर्ज (अगदी खालचे स्वर) खरडू नये, तार (वरच्या) सप्तकाला तर हातच लावू नये. सात-आठ महिन्यांत आवाज बसू लागतो. पेटी कमी वाजवावी, तानपुरा जास्त वाजू द्यावा. पेटीचे स्वर समान अंतराने बांधलेले असतात. तिच्या गंधारावर (‘ग’ या स्वरावर) कान तयार झाला की तानपुऱ्यातून उमटणारा गंधार मुलांना वेगळा वाटू लागतो. मोबाइलवरचा तानपुरा आणि एक बरा स्पीकर एवढ्यावर हे भागते.

तबल्याला ३० मुले आणि पाच जोड असले तरी चालते, मात्र पहिले सहा आठवडे सगळ्यांनी पढंत, म्हणजे तबल्याचे बोल तोंडाने म्हणायचा सराव, करायची. तीनताल, १६ मात्रा, टाळ्या १, ५, १३ या मात्रांना आणि ‘खाली’ (टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा) ९ व्या मात्रेला, हातावर आणि तोंडाने एकदम. दुगुणीला (दुप्पट गतीला) मुले हटकून मूळ लयच वाढवतात. हात होता त्याच लयीत राहून तोंडाने एका मात्रेत दोन बोल म्हणता आले पाहिजेत. तोवर तबल्याला बसवू नये. पावसाळ्यात पुडी (तबल्याचे कातडे) ढिली पडते आणि सूर उतरतो. तेव्हा नुसता गजरा (पुडीभोवतीची चामड्याची वेणी) ठोकत राहिले तर तो खचतो आणि पुडीचा काठ दुखावतो. गठ्ठे (वाद्यांखाली अडकवलेले लाकडी ठोकळे) चारही बाजूंनी सारखे खाली सरकवून सूर जवळ आणावा आणि शेवटचा फरक गजऱ्यावर काढावा. ओल्या हाताने शाईचे (पुडीवरच्या काळ्या गोल लेपाचे) पापुद्रे उडतात, म्हणून हाताला पावडर आणि दर जोडीला झाकण, गवसणी. वर्गात बसवून, टप्प्याटप्प्याने संगीत शिकवण्याची पद्धत ज्यांनी देशभर रुजवली, ते विष्णु दिगंबर पलुस्कर याच जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचे, जन्म १८७२. त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्या जिल्ह्यातल्या शाळांत संगीताला आठवड्याला अर्धा तास मिळावा, ही गोष्ट मनाला लागते.

नाट्याबद्दल थोडक्यात. एका गटात १२ ते १५ मुले, संहिता २० मिनिटांची, शक्यतो मुलांनीच लिहिलेली. पहिले तीन जोडतास फक्त बसून वाचन, मग जमिनीवर पट्टीने रंगमंच आखून हालचाली, आणि पाठांतर त्यानंतर. आधी पाठ केलेले संवाद मुले एकाच चालीवर म्हणतात आणि ती चाल शेवटपर्यंत सुटत नाही. नेपथ्य, प्रकाश, पोशाख, संगीत सांभाळणाऱ्यांनाही तेवढीच श्रेणी द्यावी. नृत्याला जाणकार शिक्षक आणि गुडघ्यांना सोसेल अशी जमीन, दोन्ही असतील तरच हात घालावा.

चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांविषयीही बोलायला हवे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा चांगल्या आहेत. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळतात, त्यामुळे पालकही पाठिंबा देतात. मात्र त्याच गुणांपोटी स्मरणचित्र (आठवणीतून काढायचे चित्र) पाठ करून घेतले जाते : डोक्यावर घागर घेतलेली तीच बाई, तेच झाड, तोच कोपऱ्यातला कुत्रा. असा वर्षाचा वेळ घालवण्यापेक्षा शनिवारी सकाळी मुलांना मंडईत किंवा पंचगंगा घाटावर नेऊन दोन-दोन मिनिटांची रेखाटने करून घ्यावीत. एका पायावर भार टाकून उभ्या माणसाच्या गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला, तर तो भाराच्या पायावर येतो. एवढे एक निरीक्षण हाताला बसले की आकृत्या पडल्यासारख्या दिसत नाहीत, आणि परीक्षेत कोणताही विषय आला तरी मूल अडत नाही.

निवड पहिल्याच दिवशी फॉर्मवर टिकमार्क करून घेऊ नये. मुलाला ठाऊक असते ती मित्राची निवड. आठवीच्या शेवटच्या टप्प्यात दोन्ही कलांचे दोन-दोन जोडतास सगळ्यांना द्यावेत, नववीच्या जूनमध्ये निवड घ्यावी, दिवाळीपर्यंत एकदा बदलायची मुभा ठेवावी आणि मग दहावीपर्यंत तीच कला, शक्य तर तेच शिक्षक. सुट्ट्या आणि परीक्षा वजा जाता वर्षाला २८-३० जोडतास हाती येतात. मूल्यमापन नोंदवहीवरून करावे. तिच्यात पहिला फसलेला प्रयत्न, काय बिघडले याची दोन ओळींची नोंद आणि नंतरचे काम असे तिन्ही असावे. ज्या शाळेत संगीताचे शिक्षक नाहीत, तिने शेजारच्या दोन शाळांशी मिळून एक तबलावादक जोडतासाच्या मानधनावर घ्यावा. तिन्ही शाळांचे वार वेगळे ठेवले की झाले.

शाळांना आत्ता करण्यासारखे काम छोटे आहे. नळ आणि मोरी असलेली एक खोली कलेसाठी मोकळी करावी, आणि गणित-इंग्रजीच्या जादा तासांची मागणी यायच्या आत शनिवारच्या पहिल्या दोन तासिका वेळापत्रकात कलेच्या नावाने शाईने लिहून ठेवाव्यात. कोणत्या दोन कला, हे जुलैतही ठरवता येईल.

आपले,
शालेय कलाशिक्षक व संगीतशिक्षक,
कोल्हापूर