नाव सांगितले, खा असे नाही सांगितले

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कुणी विषारी अळंबी खाल्ली किंवा एखाद्या घरट्याभोवती कॅमेरेवाल्यांची गर्दी झाली, की 'ही ओळख सांगणारी ॲप्सच बंद करा' असा सूर लागतो. फोटोवरून प्राणी, वनस्पती, अळंबी ओळखणारे आणि नोंदी नकाशावर दाखवणारे आयनॅचरलिस्ट, तसेच पक्षी ओळखणारे आणि त्यांचे आवाज ऐकवणारे मर्लिन ही ॲप्स मी रोज वापरतो, म्हणून हे पत्र.

अळंबीचेच घ्या. अमॅनिटा फॅलॉइड्स ही अत्यंत जीवघेणी जात. तिची महत्त्वाची खूण असते बुडाशी, पिशवीसारख्या आवरणात, आणि ते बहुतेकदा मातीत दडलेले. आपण फोटो काढतो वरून, छत्रीचा. मग ॲपने ओळखायचे कशावरून? जाणकार माणूस ती मुळापासून उकरतो, छत्रीखालची बाजू पाहतो, कागदावर बीजाणूंचा ठसा घेतो आणि एवढे करूनही कधी कधी 'नकोच' म्हणतो. शिजवल्याने हे विष जात नाही. त्रास सुरू व्हायला सहसा 6 ते 12 तास किंवा त्याहूनही जास्त लागतात, मग मध्येच बरे वाटू लागते, आणि आत यकृत निकामी होत असते. 'यासारखी दिसते' एवढ्या दोन शब्दांवर जो ती कढईत टाकतो, त्याला ॲपने फसवले असे माझ्याने म्हणवत नाही. मात्र एकच नाव ठासून दाखवणारे आणि वर 'खाण्यायोग्य' असा शेराही मारणारे ॲप असेल, तर त्याची वकिली मी करणार नाही.

मर्लिनमधला आवाज झुडपाशी पुन्हा पुन्हा वाजवणारे महाभागही भेटतात. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असे समजून पक्षी बिचारा सगळे सोडून धावत येतो. पण हा उद्योग टेपरेकॉर्डरच्या काळातही चालायचाच.

ॲपमुळे तस्करांना दुर्मीळ प्राण्यांची जागा कळते म्हणतात, त्याचेही तसेच. दक्षिण चीनमधल्या गोनियुरोसॉरस लुई या पालीचे शास्त्रीय वर्णन 1999 मध्ये प्रसिद्ध झाले, नेमक्या ठिकाणासह. पाळीव प्राण्यांच्या बाजारासाठी पकडणारे तिथवर पोहोचले आणि काही वर्षांतच त्या मूळ जागेवरून ती नाहीशी झाली. तेव्हा कुठे होते ॲप? उलट आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या जातींची जागा आपणहून धूसर करते. नकाशावरचा ठिपका अक्षांश-रेखांशांच्या 0.2 अंशाच्या चौकोनात कुठेही पडतो.

अर्थात, ठिपका लपला म्हणजे जागा लपली असे नाही. हे मी स्वतः चूक करून शिकलो. घुबडाच्या ढोलीचा फोटो टाकताना ठिकाण आठवणीने धूसर केले, पण मागे पाण्याची टाकी स्पष्ट दिसत होती. दोनच दिवसांत एका अनोळखी माणसाने त्या टाकीचे नाव घेऊन मला विचारले, 'सकाळी किती वाजता दिसते?' फोटो मी त्याच क्षणी काढून टाकला. तोवर तो किती जणांनी पाहिला, कोण जाणे.

आपला,
एक पक्षीनिरीक्षक वाचक