गाडीतल्या स्टिरिओसाठी सीडी राइट करताना

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला. स्टिरिओवर 'एरर' येतंय आणि तीच सीडी कॉम्प्युटरवर ठणठणीत वाजते, म्हणजे बहुधा ना सीडी खराब आहे ना स्टिरिओ बिघडलाय. इतक्यात कुणाला तो उघडू देऊ नका. इथून फोनवर सांगायला गेलो की निम्मं राहून जातं, म्हणून लिहूनच काढतो. दादाला शेजारी बसवून वाचा.

फोटोत स्टिरिओच्या कोपऱ्यात 'कॉम्पॅक्ट डिस्क डिजिटल ऑडिओ' एवढंच छापलेलं दिसतंय, 'एमपीथ्री' कुठेच नाही. दादाने गाण्यांच्या एमपीथ्री फाइली सीडीवर तशाच टाकल्या असणार. ती झाली डेटा सीडी. आपल्या स्टिरिओला फाइल, फोल्डर ही भानगडच कळत नाही. त्याला सोनी आणि फिलिप्सने १९८० साली ठरवलेली रचनाच वाचता येते: आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने (म्हणजे मोजमापं), प्रत्येक १६ बिटांचा, डावा-उजवा मिळून दोन चॅनेल. एमपीथ्रीवरून या रचनेत आणायचं काम सॉफ्टवेअर आपणहून करतं. तुम्ही फक्त सुरुवातीला 'डेटा सीडी'ऐवजी 'ऑडिओ सीडी' निवडायची.

मग मात्र एमबी मोजू नका, मिनिटं मोजा. ७०० एमबीच्या सीडीवर ८० मिनिटं मावतात, मूळ फाइल कितीही लहान असो. १२८ केबीपीएसच्या (म्हणजे सेकंदाला १२८ हजार बिटांच्या) एमपीथ्री डेटा म्हणून टाकल्या तर बारा तासांहून जास्त गाणी बसतात, पण ती ऐकणार कशावर? आईची यादी लांबलचक आहे, ती सरळ तीन-चार सीड्यांत वाटा. तिची कुरकुर होईल, ती मी फोनवर ऐकून घेईन.

कोरी सीडी घेताना 'सीडी-आर' बघून घ्या. 'सीडी-आरडब्ल्यू' पुसून परत वापरता येते खरी, पण तिच्यावरून परतणारा प्रकाश बराच मंद असतो आणि जुन्या स्टिरिओला तो पुष्कळदा पुरत नाही. डीव्हीडीचा तर प्रश्नच नाही.

आता सेटिंगमधलं सगळ्यात महत्त्वाचं. 'डिस्क ॲट वन्स' असा पर्याय दिसेल, तो निवडा. यात पहिल्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत एका दमात राइट होतं आणि सीडी बंदही होते, म्हणजे तिच्यावरचं लिहिणं पूर्ण होतं. 'ट्रॅक ॲट वन्स'मध्ये लेझर प्रत्येक गाण्यानंतर थांबतो, त्यामुळे मध्ये साधारण दोन सेकंदांची शांतता येते. तोच पर्याय घ्यावा लागला तर 'फायनलाइझ' किंवा 'क्लोज डिस्क'वर खूण हवीच. कुठलं गाणं कुठे सुरू होतं याची अनुक्रमणिका सीडीच्या आतल्या कडेला असते, आणि सीडी बंद केल्याशिवाय ती लिहिलीच जात नाही. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह अशी अर्धवट सीडीही वाचू शकतो. गाडीतला स्टिरिओ आधी ती अनुक्रमणिका शोधतो. नाही सापडली की 'एरर'.

राइट करायचा वेग १६एक्स, म्हणजे गाणं वाजण्याच्या वेगाच्या सोळापट, ठेवा. 'जितकं हळू तितकं चांगलं' असं दादाला कुणीतरी सांगितलंय, ते जुन्या सीड्यांबाबत ठीक होतं. हल्लीच्या सीडीवरचा रंगाचा थर जास्त वेगासाठीच बनवलेला असतो, अगदी हळू राइट केल्याने फायदा होईलच असं नाही. ५२एक्सवर मात्र नको.

सीडीवर कागदी स्टिकर चिकटवू नका. उन्हात तापलेल्या गाडीत तो सुटतो आणि आत अडकतो. नाव लिहायचं तर मऊ टोकाच्या मार्करने, बॉलपेनने नाही. चकचकीत थर खालच्या बाजूला असतो असं आपल्याला वाटतं, पण तो नावाच्या बाजूलाच, लाखेच्या पातळ थराखाली असतो. टोक रुतलं की गाणं गेलं.

एवढं करूनही 'एरर' आलाच तर दुसऱ्या कंपनीच्या कोऱ्या सीडीवर करून बघा. जुने स्टिरिओ याबाबतीत लहरी असतात.

दादाकडे राइट करायचं सॉफ्टवेअर कोणतं आहे ते कळवा आणि 'बर्न' दाबण्यापूर्वीच्या स्क्रीनचा फोटो पाठवा. त्यावर कुठे काय दाबायचं ते खुणा करून परत पाठवतो.

आईला साष्टांग नमस्कार.

तुमचा,
धाकटा